हॉलंडवाल्याचा शेवटचा गोल

दुकानात शिरला की तो आपली जर्सी काउंटरवर ठेवायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "टुडे नथिंग, आजी." गोल झाला नसेल तर नथिंग. झाला असेल तरी नथिंगच. मी विचारायचे, "मग बाहेर ढोल कशाला वाजवतायत?" त्याला मराठी येत नव्हतं, पण ढोल कळायचा. तो लाल व्हायचा. गोऱ्या माणसाला लाज वाटली की लपवता येत नाही.

हे ओमानमधलं, बरक्याचं सांगते आहे. दोन हजार दहा सालानंतरची ती वर्षं. माझा मुलगा प्रमोद तिथे एक लाँड्री सांभाळायचा, सून दवाखान्यात नर्स होती. मला काम करायची परवानगी नव्हती, म्हणून मी दुकानात नुसती बसायचे. बसल्या बसल्या बटणं लावायचे, उसवलेलं शिवायचे. मी चौथी शिकलेली बाई. नुसतं बसणं मात्र मला कोणी शिकवलं नाही.

दुकानाचा मालक ओमानी होता. मालकाला तिथे अर्बाब म्हणतात, आम्हीही तेच म्हणायचो. शेजारच्या गावच्या फुटबॉल क्लबाचाही तो पुढारी होता आणि त्यानेच हा खेळाडू हॉलंडहून आणला होता. क्लबांची नावं मी लिहीत नाही, दोन्हीकडची माणसं अजून आहेत. त्याचंही लिहीत नाही. आमच्यात त्याला हॉलंडवाला म्हणत.

टीमचे कपडे क्लबचा माणूस गोणीत भरून आणायचा. हा आपली जर्सी वेगळी, स्वतः घेऊन यायचा. का, ते मी प्रमोदला विचारायला लावलं. त्याचा बाप गाई पाळणारा. बाप म्हणायचा, ज्याने दिवसभरात गोल केला नाही त्याचे कपडे दुसऱ्याने वाहू नयेत. मी म्हटलं, "तुझा बाप माझ्यासारखा दिसतोय." प्रमोदने ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा मोकळा हसला.

तुम्ही फुटबॉल बघत असाल तर तुम्हाला सांगायला नको. याचं काम पुढे उभं राहून गोल करायचं. बाकीचे धावतात, अडवतात, पडतात. हा खाडीत गरी टाकून बसलेल्या माणसासारखा. मासा लागला तर शहाणा. नाही लागला तर दिवसभर बसून काय केलंस, असं घरी विचारणार.

तरुणपणी तो हॉलंडच्या एका मोठ्या क्लबात होता. लोक त्याच्या नावाने ओरडायचे. मग गुडघा गेला. मग बेल्जियम, मग तुर्कस्तान, मग सायप्रस, आणि शेवटी आमचं बरका. "दरवेळी मैदान लहान, फोटो मोठा," असं तोच सांगायचा. बरक्यात एका सुपरमार्केटच्या दारावर, ताकाच्या फ्रीजशेजारी, फोटोतला तो खऱ्या माणसापेक्षा उंच उभा होता. त्या दुकानात तो कधी जायचा नाही. दुधासाठी लांब दुसऱ्या दुकानात जायचा.

त्या वर्षी त्याला गोल लागेनासे झाले. गुडघ्याला पट्टा, वय पस्तिशीच्या पुढे. अर्बाब यायचा, त्याच्या पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "इन्शाल्ला, अगली बार." अर्बाबला हिंदी चांगलं यायचं, त्याच्या बापाचा मुंबईशी व्यापार होता. थाप मात्र प्रत्येक वेळी जरा जास्त जोरात पडायची.

शेवटची मॅच किनाऱ्याने वर, खाबुऱ्याच्या पुढच्या एका गावाशी होती. जो हरेल तो खालच्या वर्गात जाणार. प्रमोदने मला गाडीतून नेलं. बायका फारशा नसतातच, म्हणून मी जाळीपलीकडे गाडीतच बसून पाहिलं. एक उंच चेंडू आला. त्यांचा गोलकीपर उडाला, हाही उडाला, आणि चेंडू आत. मला एवढंच दिसलं. मग तो गोलकीपर रेफ्रीमागे धावला, ओरडला, त्याने रेफ्रीला ढकललं. रेफ्रीने त्याला बाहेर काढलं. आमच्याकडचे लोक नाचत होते. हॉलंडवाल्याच्या अंगावर सगळी टीम पडली होती, तो खाली कुठेतरी होता.

दुसऱ्या दिवशी अर्बाब हलव्याचं मोठं भांडं घेऊन दुकानात आला. तिथला हलवा काळसर, चिकट, केशराचा. येईल त्याच्या हातावर तो हलवा ठेवत होता. तेवढ्यात हा जर्सी घेऊन आला.

"खाओ! आज तुम्हारा दिन है!"

याने हात मागे घेतला. मग इंग्रजीत हळूहळू काहीतरी बोलला. प्रमोदचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "काय म्हणतो?"

"म्हणतो, चेंडू हाताला लागला. उजव्या मनगटाला. गोलकीपर खरं बोलत होता."

फुटबॉलात हात लावायचा नसतो, एवढं मलाही माहीत होतं.

अर्बाबने शांतपणे ऐकलं. "रेफ्री ने देखा?"

"नो."

"तो किसने देखा? अल्ला ने. तो उसको बोलो, मेरे को क्यों बोलता है?" आणि तो हसला, दुकानातले सगळे हसले. कुणीतरी याचा उजवा हात धरून वर केला आणि टाळ्या वाजवल्या. माझ्या तोंडात हलवा होता. तो गिळावा की थुंकावा, कळेना. गिळला.

गर्दी गेल्यावर मी प्रमोदला विचारायला सांगितलं, "तेव्हाच का नाही बोललास?"

त्याने हातातली जर्सी काउंटरवर घडी घालून ठेवली. मग म्हणाला, रेफ्रीने माझ्याकडे पाहिलं होतं. नुसतं पाहिलं. मी हो म्हटलं असतं तर त्याने गोल रद्द केला असता. मी माझ्या बुटाकडे पाहिलं.

आणि मग आणखी एक सांगितलं. क्लबाने त्या गोलचा व्हिडिओ पाठवला होता, तो त्याच्या बापाने हॉलंडमध्ये बघितला. ज्या बापाने मोठ्या मैदानावरच्या गोलला कधी बरं म्हटलं नव्हतं, त्याने फोन करून सांगितलं, छान गोल केलास.

"बापाला सांगितलंस?" मी विचारलं.

त्याने नाही म्हणून मान हलवली. मी जर्सी उचलून धुवायच्या कपड्यांत टाकली. 

नंतर तो दुकानात येईनासा झाला. गल्लीत दिसला तर लोक त्याला "हात दाखव, हात!" म्हणायचे, हसायचे. वाईट हेतू नव्हता. कौतुकच होतं. त्याला तेच सोसवत नव्हतं. तो खरं सांगायला मस्कतला, अल् खुवैरच्या फुटबॉलच्या कुठल्याशा ऑफिसात जाऊन आला. तिथल्या माणसाने चहा पाजला, म्हणाला, निकाल लागला तो लागला, खलास. पुढच्या वर्षासाठी अर्बाबने सही मागितली, ती याने केली नाही. त्याचं परतीचं तिकीट निघालं.

मग प्रमोदने खाबुऱ्याकडून येणाऱ्या एका ड्रायव्हरकडून बातमी आणली. त्या गोलकीपरला गावात साबणवाला म्हणायला लागले होते. हाताला साबण लावून उभा राहिला, चेंडू निसटला, आणि आता हॉलंडवाल्याच्या हाताचं निमित्त सांगतो, असं. तो बापाबरोबर होडीवर जायचा. मासळीबाजारातही लोक त्याच्या हातातून टोपली घ्यायचे आणि म्हणायचे, "जपून, सांडशील."

प्रमोदने ही बातमी हॉलंडवाल्याला सांगायला नको होती, असं सून म्हणाली. मी म्हटलं, सांगितली ते बरं केलं.

हॉलंडवाला दुसऱ्याच दिवशी आला. त्याला तिकडे जायचं होतं आणि बरोबर अरबी बोलणारा माणूस हवा होता. प्रमोदला अरबी कामापुरतं येतं. प्रमोद घाबरला. अर्बाबला न विचारता जायचं कसं? विचारलं. अर्बाब दाढी खाजवत बसला. शेवटी म्हणाला, "जाओ. लेकिन मेरे को मत बताओ."

मी चपला घातल्या.

"आई, तू कुठे?"

"बरोबर म्हातारी असली की लोक दगड मारत नाहीत."

"तिथे कुणी दगड मारत नाही गं."

"मग आलेच मी."

गोलकीपरचं घर समुद्राकडे होतं. बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून गाद्या. त्याचा बाप होता, गावातले तीन-चार वयस्क होते. मी दाराजवळ बसले. माझ्या वयाच्या बाईला कुणी उठवत नाही. गोलकीपर उंच, काळासावळा मुलगा. तो उभ्याने कहवा, म्हणजे तिकडची बिनदुधाची कॉफी, देत होता, डाव्या हातात सुरई, उजव्या हाताने लहानसा कप पुढे. हॉलंडवाल्याला त्याने कप दिला तो खालीच बघत.

हॉलंडवाल्याने कप घेतला आणि न पिता समोर ठेवला.

 गोलकीपरच्या म्हाताऱ्या बापाने कपाकडे पाहिलं, मग याच्याकडे. काहीतरी म्हणाला.

प्रमोद माझ्याकडे वळून कुजबुजला, "आई, घोटाळा झाला. कप न पिता ठेवला म्हणजे हा काही मागायला आलाय. यजमानाने द्यायचं असतं. दिलं म्हणेपर्यंत पाहुणा पीत नाही. तो म्हणतोय, तुझं मागणं पुरं झालं समज, आता पी."

"आणि याला माहीत नाही?"

"कुठलं? त्याला नुसती लाज वाटली. ज्याचं वाटोळं केलं त्याच्या घरचं प्यायचं कसं, म्हणून ठेवला."

हॉलंडवाला कपाला न शिवता बोलायला लागला. सगळं सांगितलं. चेंडू कुठे लागला ते मनगटावर बोट ठेवून दाखवलं. रेफ्रीने पाहिलं ते सांगितलं, बुटाकडे पाहिलं ते सांगितलं. तुमचा मुलगा खरं बोलला, मी खोटा गप्प राहिलो, असं म्हणाला. प्रमोद अरबीत अडखळत होता, घाम पुसत होता, पण त्याने काही गाळलं नाही. माझा मुलगा म्हणून सांगत नाही, बघितलं म्हणून सांगते.

वयस्कांपैकी एकाने घसा खाकरला. साबणवाला म्हणणाऱ्यांत तोही असावा, कारण तो त्यानंतर चटईकडेच बघत राहिला.

म्हातारा म्हणाला, "बरं. मग मागणं काय?"

"काही नाही. मी फक्त सांगायला आलो."

"मग कप का ठेवलास?"

प्रमोदने हॉलंडवाल्याला तिथली रीत समजावली. त्याचा चेहरा असा झाला की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं. माफी मागायला यावं आणि रीतीच्या जोरावर घरधन्याला अडकवून ठेवावं, तेही नकळत. आता काही मागितलं नाही तर म्हाताऱ्याचा शब्द फुकट जाणार, सगळ्यांसमोर. प्रमोद म्हणाला, "काहीतरी मागा. मागावंच लागेल."

हॉलंडवाल्याने मनगट चोळलं. मग म्हणाला, "तुमच्या मुलाची माफी."

म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिलं. मुलगा सुरई घेऊन उभा होता. तो म्हणाला, "दिली."

ते कसं म्हणाला तेही सांगायला हवं. रस्ता विचारणाऱ्याला हात करून दाखवावा, तसं. शब्द बापाचा होता, मुलाने नुसता पोचवला. अशी माफी कोणाला हवी असते? हॉलंडवाल्यालाही ते कळलं. कानापर्यंत लाल झाला. पण आता प्यायलाच हवं होतं. त्याने कप उचलला आणि प्यायला.

मुलाने पुन्हा ओतलं. तिथे पुरे म्हणायचं असेल तर रिकामा कप मनगटातून दोनदा हलवून परत द्यायचा. नुसता पुढे केला तर ओतत राहतात. बरक्यात एवढे दिवस राहून याला तेही माहीत नव्हतं. कुणाच्या घरीच तो गेला नव्हता. त्याने दुसरा कप संपवून पुढे केला. मुलाने ओतलं. हा प्यायला. कहवा कडू आणि कढत, त्यात वेलदोडा. याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला बहुतेक वाटलं, हीच शिक्षा आहे आणि ती पुरी घ्यायची. नाही म्हणायचा आपल्याला काय अधिकार?

प्रमोद सांगायला उठणार होता. मी त्याची बाही धरली.

मुलगा ओतत राहिला, हा पीत राहिला. आतल्या दारात गोलकीपरची आई येऊन उभी राहिली होती, तिने तोंडावर ओढणी घेतली. म्हातारा आधी गंभीर होता, मग त्याच्या मिशा हलायला लागल्या. मुलाने एकदा याच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच. नीट, डोळ्यांत. हा कप पुढे धरून बसला होता, घामाने भिजलेला.

मुलाने सुरई खाली ठेवली. तो गुडघ्यावर बसला. त्याने हॉलंडवाल्याचं उजवं मनगट धरलं आणि लहान मुलाला शिकवावं तसं कपासकट हलवलं, डावीकडे, उजवीकडे.

"खलास," तो म्हणाला.

कप त्याने काढून घेतला. मनगट मात्र लगेच सोडलं नाही.