ड्रोनला चकवलं त्याची गोष्ट

चहा आधी पिऊन घ्या. मी स्वतःची कशी फजिती करून घेतली ते ऐकून तुम्ही मला शिव्या घालणार, आणि त्यात चहा गार होणार!

पालमजवळच्या आमच्या गावात भोंग्यावरून सांगितलं, उद्या गावठाणाची मोजणी ड्रोननं होणार. ज्यानं त्यानं घराच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारावी. वरून फोटो निघणार, नकाशा बनणार, मालकीचा कागद मिळणार.

सगळं गाव चुना आणायला पळालं. मी हसलो. अहो, मी शाळेत विज्ञान शिकवतो, मला कळत नाही का? मालकीचा कागद म्हणे! सरकारला तुमच्या अंगणात डोकवायचंय, आणि हे येडे स्वतःच्या हातानं रेघा मारून दाखवायलेत, इथून इथपर्यंत बघा म्हणून!

माझं अगदीच चुकत नव्हतं हं. आमची न्हाणी अंगणात, वर उघडं आभाळ. तिथले फोटो सरकारनं काढायचे?

"आवं, मग न्हाणीवर येक पत्रा टाका की," बायको म्हणाली. "किती दिस झाले सांगायले मी."

"पत्र्यानं काय होतंय? सगळं घर झाकायचं!"

"राशनला अंगठा देता, सिमकार्डाला अंगठा देता, पीकविम्याला वावरात उभं राहून फोटो देता. तवा न्हाई लाजलात?"

"ते वेगळं हाय."

कसं वेगळं, ते मला अजून कळलेलं नाही.

छतावर आणि अंगणावर ताडपत्र्या ताणल्या. मग वाटलं, निळा रंग वरून उठून दिसेल. म्हणून त्यावर कडबा पसरला. इकडून तिकडून सगळा कडबाच! सरपंच शोभाताई मुद्दाम दारात आल्या.

"सर, तुमचा चुना राहिलाय."

"मी न्हाई टाकणार. घर माझं हाय, सरकारचं न्हाई."

"बरं. तुमी शिकलेली माणसं," म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून गेल्या.

ड्रोन घोंगावत आलं, घोंगावत गेलं. आम्ही आत घामानं निथळत बसलो होतो. बायकोनं त्या दिवशी अंघोळच केली नाही. मी मात्र आठवडाभर चावडीवर भाषणं ठोकली, शहाण्या माणसानं आपली खासगी बाजू कशी राखावी म्हणून.

पुढं काही महिन्यांनी पंचायतीत नकाशा लागला. मी ऐटीत बघायला गेलो. शेजाऱ्याचं घर होतं, पलीकडच्याचा गोठासुद्धा होता. मधे मोकळी जागा!

"लय बेस जागा निघाली बघा," शोभाताई म्हणाल्या. "सार्वजनिक संडासाला जागाच घावत नव्हती."

"ताई, ते माझं घर हाय!"

"कुठं दिसायलंय? वरून तर कडब्याची गंजी हाय." मग हसू आवरून म्हणाल्या, "मस्करी सोडा सर, पण हरकत घ्या लवकर. हेच कायम झालं तर घराचा कागद तुमच्या नावानं कसा निघंल?"

बापानं बांधलेलं घर, आणि मीच ते गायब करून बसलो होतो! एसटीनं पालम गाठलं. मोजणीचे साहेब म्हणाले, "घर आहे, तिथं तुम्ही राहता, हे दाखवा. फोटो आणा."

फोटो? अहो, मी घराचा कोपरान् कोपरा काढला! चूल, देवघर, पलंगाखालचे डबे. प्रत्येक फोटोत बायको दातओठ खात उभी. साहेब माझ्या फोनवर एकेक बघत होते. मी हात जोडून म्हणत होतो, "साहेब, अजून बघा. वाटलं तर कॅमेरा घेऊन घरी या, कुठंबी फिरा!"

शेवटचा फोटो माझाच होता, बायकोला काढायला लावलेला. झोपलेला माणूस म्हणजे राहता माणूस, असा माझा शास्त्रीय विचार! नुसत्या पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर, पोट उघडं टाकून, तोंड वासून मी घोरत होतो.

साहेबांनी फोन पटकन टेबलावर उपडा ठेवला. दाराकडं एकदा बघितलं आणि हळूच म्हणाले,

"सर, थोडंफार खासगी राहू द्या की."