सतरा नंबरचा तुकडा

मॅडमनी माझा लोखंडी तुकडा दोन बोटांच्या चिमटीत धरला, नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "शी! बोंबलाचा वास येतोय याला."

आत बसलेले सगळे हसले. मी आणि मासळी विकायला आलेली आई त्यांच्या दाराबाहेर, चपलांच्या शेजारी उभ्या होतो.

चूक आईची. आयटीआयत माझा पहिला जॉब, म्हणजे सरावाचा हा तुकडा, पास झाला होता आणि सरांनी तो एका दिवसासाठी घरी न्यायला दिला होता. आईला तो गिऱ्हाइकांना दाखवायचा होता. दिवाळे गावची कोळीण मोलाची वस्तू ठेवणार कुठे? टोपलीत, ओल्या मासळीच्या उशाला. बेलापूरच्या कॉलनीत पोचेपर्यंत त्याच्यावर तांबूस गंज चढला. तीन आठवडे कानशीनं घासलेला तुकडा. काटकोन तपासायचा गुण्या लावून बघितलं तर मधून उजेड दिसणार नाही इतका सपाट. कोपऱ्यात मी हातोडीनं ठोकलेला माझा नंबर, सतरा.

आत मॅडमची मुलगी नीलिमा होती. दहावीला आम्ही एकाच वर्गात. गणितात माझे मार्क तिच्यापेक्षा जास्त. ती देणगी भरून खाजगी कॉलेजात इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला गेली. मी सरकारी आयटीआयचा फॉर्म भरला, ट्रेड फिटर. मला कुणी ढकललं नाही. नव्या शहरासाठी जमिनी गेलेल्या आमच्या माणसांना नव्या कारखान्यांत झाडू मिळत होता. मला मशीन पाहिजे होतं.

तरी मी जळत होते. खोटं कशाला बोलू? तिच्या पांढऱ्या ड्रॉइंग बोर्डावर जळत होते. तिच्या मऊ तळव्यांवर. तिला आत्तापासून इंजिनिअर म्हणायचे, त्यावर तर फारच.

मॅडमनी तुकडा उलटसुलट पाहिला.

"हात बरा आहे हं तुझा. नीलिमालाही कॉलेजात असाच जॉब द्यायचाय. तिच्या हाताला फोड येतात. तू करून दे. तुम्हाला सवय असते. तिचे जुने ड्रेस देईन."

गॅदरिंगला घातलेला तिचा निळा ड्रेस मला शाळेपासून हवा होता. मी हो म्हणणारच होते. ही लाज मी लपवत नाही.

तेवढ्यात नीलिमा म्हणाली, "नंबर मात्र माझा टाक हं. बावीस."

माझं डोकं सणकलं. मार्क माझे जास्त. हात माझा. आणि नंबर हिचा?

"नाही. तिचा तुकडा तिनंच घासावा."

"एवढा माज?" मॅडम आईकडे वळल्या. "उद्यापासून मासळी नको तुमची."

कॉलनीतलं ते सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. मी आईकडे बघायला घाबरले.

आई म्हणाली, "नको त नको. मी मासली इकते, बाय. पोरीचा हात नाय इकत."

तिनं हात पुढं करून तुकडा मागून घेतला, पदराला पुसला. या वेळी टोपलीत टाकला नाही, कमरेला खोचला.

गंज घासून काढता काढता माप उणं झालं. सरांनी जॉब पुन्हा करायला लावला. नीलिमानं तिचा कुणाकडून करून घेतला कोण जाणे, पण ती पास झाली. मी आणखी जळले. आजही जळते, आणि हे जळणं मी विझू देणार नाही. पण माझ्या हातच्या कामावर दुसऱ्याचा नंबर पडणार नाही. कधीच नाही.

सरांनी नवा तुकडा दिला. नंबर सगळे जण शेवटी ठोकतात. मी आधी सतरा ठोकला, मग कानस हातात घेतली.