पाटाची किल्ली

बेयशेनाली एकतीस वर्षं गावचा पाटकरी. नारीन नदीच्या खोऱ्यात बार्लीला कुणी किती पाणी घ्यायचं, ते तो फावड्याच्या दांड्यावरच्या खुणांनी मोजून देई. माणूस सरळ, पण संशयी इतका की सख्ख्या भावाची पाळी असली तरी पाटावर दोनदा चक्कर मारून येई.

त्या वर्षी गावात भागीदारी आली. पाटाच्या पाण्यावर वीज करायची. यंत्र परदेशी संस्थेचं, तारा जिल्हा कचेरीच्या, पाणी गावाचं. सही मात्र पाटकऱ्याची हवी. घरात त्याची बायको उलजान चुलीतल्या गोवऱ्यांच्या धुरानं खोकून खोकून अर्धी झालेली. वीज आली तर तिची धुरातून सुटका होणार होती. म्हणूनच तो जास्त घाबरला होता. गरजवंताला अक्कल नसते, हे जिल्ह्यालाही ठाऊक असणारच.

सही घ्यायला शहरातून मीरगुल नावाची इंजिनिअर आली. बेयशेनालीनं चहा दिला, पण नान पुढे केला नाही. ज्यानं घरचा नान खाल्ला त्याला नाही म्हणायचं नाही, ही रीत. मग आधीच हात कशाला बांधून घ्या?

"जूनमध्ये आधी शेत की यंत्र?"

"शेत, बाबा. तसं लिहिलंय."

"आणि पाटाचं दार कोण उघडणार?"

ती जरा घुटमळली. "किल्ली जिल्ह्याकडे राहील."

"म्हणजे तहान लागली की आम्ही अर्ज करायचा."

तेवढ्यात उलजाननं आतून नान आणून ठेवला. "खा गं पोरी. ह्यांच्या शंका ऐकत बसलीस तर इथंच म्हातारी होशील."

आता सही टळत नव्हती.

मीरगुलनं हात पुढे केला आणि मागे घेतला. "नको, आजी. किल्ली गावात राहील असा कागद आणीन, तेव्हा खाईन. आज खाल्ला तर बाबांचं तोंड बंद होईल."

पाहुणी नानाला हात न लावता उठली. घराला याहून मोठी नामुष्की नाही. बेयशेनाली ओशाळून तिच्यामागे अंगणात गेला.

"हिवाळ्याआधी येशील ना?"

"जिल्हा ऐकेलच असं नाही, बाबा."

आत उलजानला खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. येते म्हणून पोरीनं खोटं तरी सांगायचं होतं, असं त्याला एकतीस वर्षांत पहिल्यांदाच वाटलं.