चिमूटभर माती

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते नाशिकमधल्या एका सोसायटीच्या माळीबाबांचे. झाड आजारी दिसलं की ते बुंध्याजवळची चिमूटभर माती जिभेवर ठेवत, डोळे मिटत आणि थुंकत. "पान लबाड बोलतं भाऊ, माती नाय बोलत." असे माळी तुम्हीही पाहिले असतील. आपण त्यांना हसतो.

मी सिन्नरकडचा. घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. कृषी पदवीची चार वर्षं मी माळीबाबांच्या बागेमागच्या खोलीत काढली. खोली निम्मी निम्मी. भाकरी मात्र मला दीड, त्यांना अर्धी. "म्हाताऱ्याला पचत नाय," म्हणायचे. पुढे मला माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, तेव्हा ते वॉचमनला सांगत होते, "आता हा मशीनीनं माती चाखणार!"

दोन वर्षांनी त्याच बागेतली जास्वंद आणि मोगरा वाळू लागला. पंधरा पंधरा वर्षांची झाडं. कमिटीने मला बोलावलं. माती ओली, पानं पिवळी, माना टाकलेल्या.

"म्हाताऱ्याने पाणी जास्त घातलं, दुसरं काय?" चेअरमन म्हणाले.

"पाणी नाय साहेब. माती खारट झाली हाय," बाबा म्हणाले.

सगळे हसले. "जिभेवर लॅब आहे वाटतं!"

बाबांनी माझ्यापुढे हात केला. तळव्यावर चिमूटभर माती. "भाऊ, तू चाखून बघ."

माझ्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. सगळे मला साहेब म्हणत होते. मी म्हणालो, "बाबा, असं नसतं हो." नमुना तपासायला आठ दिवस लागले असते, कमिटीला कागद आजच हवा होता. मी लिहून दिलं: अति पाण्यामुळे मूळकूज.

महिनाअखेरीस बाबांना काढलं. खोलीही गेली. ते वणीकडे गावी निघाले, तेव्हा मी एसटी स्टँडवर गेलो. ते एवढंच म्हणाले, "जेवलास का?"

नव्या माळ्याने नवी जास्वंद लावली. तीही वाळली. तेव्हा कुठे मी कुदळ घेऊन गेलो. वीतभर खाली एक पाइप निघाला. बोअरचं पाणी मऊ करणारं मशीन सोसायटीने वर्षापूर्वी बसवलं होतं. ते मिठाने धुवावं लागतं; धुतल्यावरचं ते खारं पाणी या पाइपातून रोज थेट मुळांत जात होतं. मी माती जिभेवर ठेवली.

आठवड्याभराने बाबांना पत्र लिहिलं. उत्तर आलेलं नाही. पत्र असं होतं:

"ती. बाबांना सा. न.

माती खारट आहे. मी चाखली. माझा कागद खोटा होता, असं कमिटीला लिहून दिलं. त्यांनी पाइप हलवला. तुम्हाला परत बोलवा म्हटलं, तर म्हणाले, जागा नाही. आपल्या खोलीत आता मशीनच्या मिठाच्या गोण्या ठेवतात."