मागच्या सीटखालचा धूर

पेट्रोलचा वास आला की बोईसरचं ते गॅरेज आठवतं. घरातला पहिला पदवीधर मी, आणि जुनी का होईना, पहिली गाडीही माझीच. टाकी भरली की आत वास यायचा. बोईसरच्या कारखान्यांची हवा असेल, असं मी धरून चाललो होतो. मेकॅनिकने मागची सीट उचलली, गळती शोधायला टाकीत नळीने धूर सोडला, तशी एका चिरलेल्या पाइपातून धुराची बारीक धार वर आली. "साब, यहाँ अगरबत्ती कौन जलाता है?" सीटखाली राख होती. मागे आई आणि मावशी बसायच्या; अगरबत्तीचा वास आईच्या कपड्यांना नेहमीचाच, म्हणून मला कधी शंका आली नव्हती. सातपाटीला घरी जाऊन विचारलं, तर आई म्हणाली, "वास मला पन यायचा. मावशी नाक मुरडते, म्हनून अगरबत्ती लावायची. तुझ्या गाडीला कोनी नावं ठेवलेली मला नाय चालत." आजही ती मागे बसली की मी आरशातून तिच्या हातांकडे बघत राहतो.