उंदराचे दात, पाखराचं तोंड

रानरेशमाचा कोसा, म्हणजे अळीचा कोश, हातात आला की सगुणाबाई तो आधी कानाशी नेऊन हलवायच्या. जड लागला म्हणजे आतला जीव ठीक; रेशमाची गोष्ट नंतर. नव्वदच्या दशकात सावली या तालुक्याच्या गावाजवळ, त्यांच्या खेड्यात मी नर्स म्हणून रुजू झाले आणि त्यांच्याच घरी भाड्याने राहिले. पहिल्याच दिवशी माझं डोकं आढ्याला टांगलेल्या कोशांच्या माळेला लागलं. खोली दाखवायची सोडून बाई माळच तपासत बसल्या.

ती माळ म्हणजे पुढच्या पिकाचं बियाणं. त्यातून पतंगाची पाखरं निघणार, अंडी घालणार, अळ्या ऐनाच्या झाडांवर चढणार, तेव्हा कुठे नवे कोसे. एका वर्षी माळेला उंदीर लागला. त्यांचा मुलगा नामदेव उंदराच्या औषधाची पुडी घेऊन आला. पण कोशाच्या हंगामात घरात जीव मारायचा नाही, हा त्यांच्याकडचा नेम. बाईंनी पुडी परत पाठवली. नामदेव माझ्याकडे कुरकुरला, आणि मलाही बाईंचा हट्ट अतीच वाटला.

बाईंना मात्र त्या उंदराचं कुतूहलच वाटू लागलं. त्याने कुरतडलेला कोसा आणि पाखरू निघून गेलेला कोसा त्यांनी माझ्यापुढे ठेवला. एकात धागा तोडलेला, दुसऱ्यात ओला करून नुसता बाजूला सारलेला.

"पाहा नर्सबाई, याचे दात वाढतच राह्यतात. कुरतडलं नाई त मरन. अन् पाखराले तोंडच नाई. अळी होती तवा खाल्लं, तेवढ्यावरच जगते. दोघायले एका घरात कसं ठेवाव, सांगा."

शेवटी त्यांनी कोपऱ्यात बोरांच्या बिया आणि बांबूचे तुकडे टाकले, माळ स्वतःच्या खाटेच्या वर आढ्याला टांगली आणि उशाशी काठी घेऊन झोपू लागल्या. उंदराने बिया फोडल्या, बांबू कुरतडला, नामदेवची चप्पलही खाल्ली. निम्मी माळ वाचली. झाडांवर अळ्या चढल्या तेव्हा नामदेव अनवाणीच राखणीला गेला.

पुढे माझी आलापल्लीला बदली झाली. काही वर्षांनी थकलेल्या बाईंनी जेवण सोडल्याचा निरोप आला, तशी मी गेले. पेजेचा चमचा ओठांशी नेला तर त्यांनी मान फिरवली. मी रागावले, खरं तर मला रडू येत होतं.

"रागावू नका, बाई. माहं खाऊन झालं," त्या म्हणाल्या. मग नजर वर गेली. "माळ पाहून घ्या. उंदीर त नाई लागला?"

मी स्टुलावर चढले आणि एकेक कोसा कानाशी हलवला. त्या डोळे मिटून वाट पाहत होत्या.

"सगळे जड आहेत," मी म्हणाले.