सहीच्या जागेवरचा अंगठा

मंगळवार पेठेतील तो मिस्त्री गिऱ्हाइकाकडे पाठ करून, उघड्या बॉनेटमध्ये डोके घालूनच बोलत असे. इतक्या वर्षांत त्याचा चेहरा मी क्वचितच पाहिला.

पन्हाळ्याच्या घाटात माझी जुनी मोटार उलटली. विमा कंपनीने ती ‘टोटल लॉस’, म्हणजे दुरुस्तीपलीकडची ठरवली आणि सांगाडा विकत घेणारा एक गृहस्थ मिस्त्रीच्या गॅरेजात आला.

“आरसी बुक द्या, अन् गाडी नावावर करायच्या या फॉर्मवर नुसती सही करा. बाकीचं मी भरतो.”

संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेलेल्या मला यात काही वावगे दिसले नाही. मी लेखणी उचलली आणि मिस्त्री गर्रकन वळला.

“गुरुजी, कोऱ्या फॉर्मवर सही करतायसा व्हय? उद्या चोरीच्या गाडीला ह्योच नंबर लावला, तर पोलीस तुमच्या दारात येतील की!”

“तुझ्या बापाचं काय जातंय?” गृहस्थ गरजला. “सही न्हाय, तर सांगाडाबी नको. बसा राखत!”

माझी लेखणी अजून कागदावरच रोखलेली होती. मिस्त्रीने ऑइलने माखलेला अंगठा सहीच्या जागेवर दाबला.

“आता ह्यो चालत न्हाय. सांगाडा ऱ्हाऊ दे हितंच.”

एवढे बोलून तो पुन्हा पाठमोरा झाला.

तो अर्ज मी पोथीत जपला आहे. नित्यपाठाला बसलो की आधी त्या काळ्या ठशाला हात जोडले जातात.